पगार आईचा, सही लेकाची कशाला?



आमच्या ढोकीला तुमच्यासारखं जंगल नाही. इथं साखर कारखाना, उसाचे फड आणि गावाबाहेर आमची पारधी वस्ती. पण मागल्या महिन्यात इथं जे झालं ते उद्या तुमच्या पाड्यावरही होऊ शकतं, म्हणून लिहितोय.

वस्तीवरल्या एका म्हातारीला श्रावणबाळ योजनेचा पगार मिळायचा, महिना 1500 रुपये. तो बंद झाला. लेक चौकशीला गेला, तर खिडकीतून उत्तर आलं, "तू कमावतोस, मग तुझी आई निराधार कशी? दोन वर्षांचे 36 हजार भर. इथं सही कर." पोरगा घाबरला. मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरायला निघाला. म्हणजे आईच्या पगारापायी लेक पुढचा हंगाम फडात गहाण! कळलं म्हणून थांबवला. आम्ही एवढंच म्हणालो, "साहेब, लेखी द्या." अजून लेखी काही आलेलं नाही.

ही भीती आपल्यात मुरली आहे. खावटी आठवा. 1978 पासून पावसाळ्याच्या उपासमारीत आदिवासी विकास महामंडळाकडून खावटी मिळायची, पण कर्ज म्हणून. बापानं पोट भरायला घेतलेलं धान्य वहीत थकबाकी म्हणून राहिलं. 2020 साली सरकारनंच ते बदललं. कुटुंबाला 4 हजारांचं खावटी अनुदान, निम्मं रोख, निम्मं वस्तूंत, आणि परतफेड नाही. अनुदान म्हणजे कर्ज नव्हे, हे तेव्हा सरकारनंच मान्य केलं. मग निराधारचं अनुदान कर्ज कसं होईल?

कुणी म्हणेल, लेकानं आईला सांभाळायला नको का? सांभाळायलाच पाहिजे. जो सांभाळत नाही त्याची बाजू आपण घेणार नाही. त्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. आई प्रांताकडे अर्ज करू शकते, वकील लागत नाही, आणि महिना 10 हजारांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो. पण ते पैसे आईच्या हातात जातात, सरकारी तिजोरीत नाही. लेकाचं देणं आईला आहे. आईला सरकारनं दिलेल्याचा लेक जामीनदार नाही.

वारसाचंही तसंच. मेलेल्या माणसाचं खरं कर्ज असलं तरी ते वारसाकडून त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच मागता येतं. स्वतःच्या मजुरीतून नाही. आणि वनहक्काचा पट्टा तर 2006 च्या कायद्यानं वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. "पैसे भर, नाहीतर पट्टा जाईल" असं कुणी म्हणालं तर ती धमकी समजा.

आपल्या बाजूनंही सरळ राहू. माणूस गेल्यावर खात्यात आलेला पगार आपला नाही. मृत्यू लगेच कळवा, पैसे उचलू नका. खोटी माहिती देऊन कुणी घेतलं असेल तर त्याला जाब द्यावा लागेल, पण आधी लेखी नोटीस आणि त्याचं म्हणणं ऐकणं, मग वसुली.

खरी खोट उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला 1750. रोजगार हमीचा दर 2024-25 साली 297 रुपये होता. लेकानं शंभर दिवस माती उपसली तरी 29,700 होतात. हमीचं काम पुरं केलं म्हणून आई निराधार राहत नाही, हा कुठला हिशोब? ही अट बदलली पाहिजे आणि म्हाताऱ्या माणसाचा हक्क त्याच्या स्वतःच्या नावावर धरला पाहिजे. ग्रामसभेत तसा ठराव घ्या.

तोवर एवढं करा. तोंडी मागणीवर पैसे भरू नका. न वाचता सही-अंगठा देऊ नका. कागद मागा, तारीख-शिक्का बघा, आणि एकटे जाऊ नका. दहाजण जाऊन उभे राहिले की खिडकीतला आवाज खाली येतो, हे ढोकीत आम्ही पाहिलंय.

— ढोकीचा एक कार्यकर्ता