पुरवण्या किती, मार्क किती?



गेल्या नागपंचमीला आमच्या घरी एकाच दिवशी दोन खटले उभे राहिले. सगळे जमले होते, बाहेर मिरवणुकीचा गलका चालला होता आणि आत माजघरात दोन्ही नातवांची उलटतपासणी! निकाल दोघांनाही एकच मिळाला : "गेममध्ये पैसे उडवले." मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. त्यावेळी जेवणाची पाने मांडली होती म्हणून गप्प बसलो. आज लिहितो. घरच्यांनी राग मानू नये. मानला तरी शेवटपर्यंत वाचून मग मानावा.

थोरला नातू पुण्यात नोकरी करतो. स्वतःच्या पगारातून त्याने संगणकावरचा एक खेळ घेतला होता, तीन हजारांना. या खेळाची पुढे एक 'पुरवणी' आली. इंग्रजीत तिला एक्स्पान्शन म्हणतात, पण चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला पुरवणी हाच शब्द सुचणार. मूळ खेळ संपल्यावर त्याच जगातली आणखी एक गोष्ट, नवा मुलूख, नवी माणसे. हिची किंमत दीड हजार. जावईबापूंनी लगेच हिशेब मांडला. मूळ खेळ साठ तास चालला, म्हणजे तासाला पन्नास रुपये. पुरवणी दहा तासांत संपली, म्हणजे तासाला दीडशे. "तिप्पट भाव! सरळ लुबाडणूक आहे." आणि गंमत म्हणजे नातूही मान डोलावून म्हणाला, "खरंय आबा, पैसे वसूल नाही झाले."

आता मी काय पाहिले ते सांगतो. ती पुरवणी तो इथेच, आदल्या दोन रात्री खेळत होता आणि मी शेजारी बसून बघत होतो. शेवटी गोष्टीतला एक म्हातारा नावाडी निरोप घेतो. तो निरोप झाल्यावर हा पोरगा दहा मिनिटे पडद्याकडे नुसता बघत बसला. हाक मारली तरी ओ नाही. दुसऱ्या दिवशी हाच म्हणतो, वसूल झाले नाहीत! मला विचाराल तर वसुली रात्रीच झाली होती, सकाळी फक्त हिशेब चुकला.

तासांवर किंमत मोजणे हे पुरवण्या मोजून मार्क देण्यासारखे आहे. परीक्षेत मुले पुरवण्या का जोडतात? मास्तर वजन बघून मार्क देतात असा त्यांचा समज असतो म्हणून. आणि कबूल करतो, तो समज अगदीच खोटा नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत मीही जाडजूड पेपर हातात आला की दोन मार्क सैल हाताने सोडत असे. परिणाम काय झाला? पोरे पाणी घालायला शिकली. एका ओळीचे उत्तर दीड पान! ज्या मोजपट्टीने तुम्ही मोजता तसाच माल पुढे येतो.

खेळांचेही तेच झाले. गिऱ्हाईक तास मोजते हे कळल्यावर तास वाढवणे काय अवघड आहे? शंभर पिसे गोळा करा, त्याच रानातून दहा वेळा जा-ये करा, तोच राक्षस रंग बदलून पुन्हा मारा. नातूच सांगतो की अशा भरतीने भरलेले खेळ त्याला कंटाळवाणे होतात. मग बाबा रे, तूच तासाचा भाव काढतोस आणि तूच पाणी घातले म्हणून ओरडतोस, हे कसे?

आपल्याकडची कुस्ती बघा. कुंडलच्या मैदानाला माणूस दिवसभर उन्हात बसतो. मुख्य कुस्ती कधी अर्धा तास चालते, कधी पहिल्याच मिनिटाला ढाक लागते आणि आभाळ दिसते. मिनिटात संपली म्हणून कुणी हळहळत नाही, उलट गावी जाऊन चार दिवस तोच डाव हाताने करून दाखवतात. माणसे चिडतात ती नुरा कुस्तीवर, मग ती तासभर का चालेना. म्हणजे लांबी-रुंदीपेक्षा खरे-खोटे महत्त्वाचे, हे आपल्या माणसाला कळते. खेळ पडद्यावर गेला की मात्र आपण घड्याळ काढून बसतो.

पुरवणीचा भाव तासाला जास्त पडण्याचे एक साधे कारणही आहे. मूळ खेळ कुणीही घेऊ शकतो. पुरवणी घेणार फक्त ज्याच्याकडे मूळ खेळ आहे तो, आणि त्यातलेही थोडेच. गिऱ्हाईक कमी, पण लिहिणारे, चित्रे काढणारे, संगीत देणारे यांचा पगार तोच. जग आधीच उभे असल्यामुळे काही खर्च वाचतो हेही खरे. म्हणून किंमत मूळ खेळाहून कमी असावी, पण तासांच्या प्रमाणातच कमी असावी हा आग्रह चुकीचा आहे.

चांगल्या पुरवण्यांची उदाहरणे आहेत. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने 'विचर ३' या खेळाच्या दोन पुरवण्या काढल्या. २०१५ ची सुमारे १० डॉलरची, २०१६ ची सुमारे २० डॉलरची. दुसरीला त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळाचे पारितोषिक मिळाले, तेही अख्ख्या खेळांशी स्पर्धा करून! २०२४ मध्ये 'एल्डन रिंग'ची पुरवणी ४० डॉलरला आली, मूळ खेळ ६० डॉलरचा. महाग म्हणून कुरकुर झाली, पण वर्षातल्या सर्वोत्तम खेळाच्या यादीत तीही जाऊन बसली. आणि लांब कशाला जायचे? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ काढला. २०२२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, ती आधीच्या गिऱ्हाइकांना फुकट दिली.

वाईट उदाहरणही देतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' खेळातल्या घोड्यासाठी एक चिलखत विकले, अडीच डॉलरला. फक्त शोभेचे चिलखत! जगभर हसे झाले. पण त्या अडीच डॉलरचीही मला फारशी चीड येत नाही. किंमत दिसत होती, वस्तू दिसत होती. ज्याला घोडा नटवायचा होता त्याने नटवला. आपणही बेंदराला बैलांची शिंगे रंगवतोच की.

जावईबापूंचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. कंपन्या मूळ खेळातलाच तुकडा कापून बाजूला ठेवतात आणि नंतर पुरवणी म्हणून विकतात. असे जिथे होते तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. छत्री विकायची आणि दांडा वेगळा विकायचा, हा धंदा नव्हे. कसोटी सोपी आहे : पुरवणीशिवाय मूळ गोष्ट पुरी होते का? होत असेल तर पुरवणी घेणे न घेणे तुमच्या हातात. रुपयात महाग वाटते? खरे आहे, डॉलरचा भाव शिराळ्याच्या पगाराला पेलत नाही. पण स्टीमसारख्या दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, कंपनीला भारतासाठी वेगळा भाव ठेवता येतो, आणि वर्षभर थांबले तर बहुतेक खेळ सवलतीत मिळतात. थांबायला शिकणे वाईट नाही.

आता दुसरा खटला.

धाकटा सातवीत आहे. त्याचा खेळ मोबाईलवरचा, 'फुकट'. त्याने महिनाभरात वडिलांच्या फोनवरून थोडे थोडे करून २,४०० रुपयांची नाणी घेतली. खेळातली नाणी बरं का, खरी नव्हेत. त्यांनी एक चक्र फिरवायचे, नशिबात असेल तर झगमगता पोशाख मिळतो. पोशाख मिळाला नाही. पाठीत धपाटा मिळाला. तो रडत माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "आबा, मला कळलंच नाही किती झाले ते." माजघरात सगळे हसले. मी हसलो नाही, कारण पोरगा खरे बोलत होता.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. उसाच्या दरासाठी आपण दर वर्षी भांडतो, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागणी होते, रस्त्यावर ट्रॅक्टर अडतात. दर उघड असतो, म्हणून त्यावर भांडता येते. पण काटाच खोटा असेल तर? मग दर कितीही चांगला असो, बुडालातच, आणि किती बुडालात तेही कळत नाही. म्हणून तर शहाणा शेतकरी गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालतो.

दीड हजाराची पुरवणी हा दराचा प्रश्न आहे. नाणी आणि नशिबाचे चक्र हा काट्याचा प्रश्न आहे. रुपयाची नाणी केली की किंमत नजरेआड होते. पोशाख ६० नाण्यांचा, पण नाणी ५० किंवा १०० च्याच गठ्ठ्यात. म्हणजे दर वेळी थोडी उरणार, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पोर पुन्हा घेणार. वर चक्र! बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली. चांगलेच केले. पण धाकट्याला पैसे जिंकायचे नव्हते, पोशाख हवा होता. जुगाराची सवय मात्र तीच लागते.

आणि काट्यातली तिसरी खोट सगळ्यात मोठी : विकलेली वस्तू परत काढून घेणे. 'डेस्टिनी २' या खेळाच्या २०१७ आणि २०१८ मधल्या विकत घेतलेल्या पुरवण्या बंजी कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये खेळातून काढून टाकल्या. खेळ फार मोठा झाला, सांभाळणे जड जाते, असे कारण दिले. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा खेळ मार्च २०२४ अखेर बंदच केला. विकत घेतलेला, पण उघडत नाही! त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२५ पासून लागू : मालकी देत नसाल तर 'विकत घ्या' असे नुसते लिहू नका, परवाना आहे हे स्पष्ट सांगा. माझ्या कपाटात पन्नास वर्षांपूर्वी घेतलेली पुस्तके आहेत. प्रकाशक येऊन कपाटातून एक पुस्तक उचलून नेऊ लागला तर? दहा तासांना दीड हजार मला चालतील. पण ते दहा तास पुन्हा उघडता यायला हवेत. तसे नसेल तर दीडशेही जास्त.

तर माझे म्हणणे एवढेच. किंमत रुपयांत लिहा, नाण्यांत नको. मुलांच्या खेळात नशीब विकू नका. विकलेले परत नेऊ नका, न्यायचे असेल तर किती वर्षांनी ते आधी छापा. हे पाळून कुणी पुरवणीला दीड हजार मागितले तर तो त्याच्या कामाचा भाव आहे. परवडला तर द्या, नाहीतर सोडा, पण त्याला लुबाडणूक म्हणू नका. सगळ्यालाच लुबाडणूक म्हटले की खऱ्या लुटारूचे फावते. आमच्या माजघरात तेच झाले. थोरल्याच्या दीड हजारावर तासभर खल झाला आणि धाकट्याचा काटा कुणी तपासलाच नाही.

धाकट्याला घेऊन मी नंतर बसलो. वडिलांच्या फोनमधला प्रत्येक व्यवहार त्याच्याकडूनच वहीत उतरवून घेतला. एकोणीस वेळा! बेरीज त्यानेच केली आणि बेरजेकडे बघून तो गप्प झाला. थोरला पुण्याला परत जाताना मी त्याला म्हटले, पुढच्या वेळी तास नको सांगूस, तो नावाडी कसा होता ते सांग.

असो. आज जरा जास्तच लांबले. पण पुरवणी जोडलेली नाही, मार्क तेवढे बघून द्या!