चार पक्ष आणि एक तक्रार



इंटरनेटवर ‘देश’ चालवण्याचे खेळ आहेत. खेळणारा तिथे नागरिक होतो, पक्ष काढतो, निवडणूक लढवतो. हे पक्ष पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात आणि तसेच जिरून जातात. आपला यांच्याशी काय संबंध, असे एखादी म्हणेल. मीही म्हणत होते. पण अशाच एका लुटुपुटीच्या जगात १९९३ साली एका रात्रीपुरते चार पक्ष उभे राहिले, आणि तेही एका बाईच्या तक्रारीवरून. तेव्हापासून मला ते जग परके वाटत नाही.

त्या जगाचे नाव लॅम्डामू. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी ते १९९० मध्ये सुरू केले. तिथे चित्रे नव्हती, सगळा कारभार टाइप केलेल्या अक्षरांचा. एक मोठे घर, त्यात खोल्या, आणि टोपणनावाने वावरणारी माणसे. यंत्रणा सांभाळणाऱ्यांना ‘जादूगार’ म्हणत. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की यापुढे जादूगार फक्त तांत्रिक कामे पाहतील, आपसातली भांडणे रहिवाशांनीच मिटवावीत. ती कशी मिटवायची, याचा मात्र काहीच नियम केला नाही.

मार्च १९९३ मध्ये एका रात्री ‘मि. बंगल’ नावाच्या रहिवाशाने अशी एक युक्ती वापरली की त्याने लिहिलेली कृत्ये दुसरेच करताहेत असे सर्वांना दिसावे. भर बैठकीच्या खोलीत त्याने ‘लेग्बा’ आणि इतर काहींच्या नावावर किळसवाणी लैंगिक कृत्ये लिहिली. कुणाच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. लेग्बा या नावाने वावरणारी बाई सिअ‍ॅटलला आपल्या घरी होती. तिने सर्वांसाठी निवेदन लिहिले आणि त्याला कायमचा काढून टाकण्याची मागणी केली. ते लिहिताना आपल्याला रडू आवरत नव्हते, असे तिने पुढे पत्रकार ज्युलियन डिबेल यांना सांगितले. त्यांचा लेख त्याच वर्षी डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये आला.

मग सभा भरली. तीसेक माणसे जमली आणि बोलता बोलता चार तट पडले. एक म्हणे, कायदाच नाही तर शिक्षा कशी, आधी घटना करा, न्यायालय करा. दुसरा म्हणे, जादूगारांनीच पुन्हा राज्य हाती घ्यावे. तिसरा म्हणे, असले लोक असणारच, जिला त्रास होतो तिने त्याचे बोलणे आपल्यापुरते बंद करून घ्यावे. तशी सोय होतीच. चौथ्याला कोणतेच सरकार नको होते, समाज आपला आपण निर्णय घेईल म्हणे. तासन्‌तास चर्चा झाली, ठराव एकही झाला नाही. लोक पांगल्यावर एका जादूगाराने एकट्याने, कुणाला न विचारता, मि. बंगलला काढून टाकले.

पुढे कर्टिस यांनी अर्ज, सह्या आणि मतदान अशी पद्धत घालून दिली. म्हणजे लोकशाही आली ती या तक्रारीमुळे. पण ज्या बाईची तक्रार, तिचा निकाल एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर लागून गेला होता. ही पद्धत फार टिकली नाही. १९९६ मध्ये जादूगारांनी निर्णयाचा अधिकार परत आपल्याकडे घेतला.

हे वाचताना मला मथुरा आठवली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तो तुम्हाआम्हाला उपयोगी पडला. मथुरेच्या पदरात काय पडले? दोन्ही घटना एका मापाच्या नाहीत. मथुरेचे शरीर होते, ठाणे होते, गरिबी होती. पण तक्रारदार बाई मागे राहते आणि तिच्या नावाने उभा राहिलेला वाद पुढे निघून जातो, हे दोन्हीकडे झाले.

आणि तो तिसरा पक्ष! तो काही एका रात्रीत संपला नाही. आमच्या सल्ला केंद्रात मोबाइल हातात घेऊन मुली येतात. कुणीतरी त्यांच्या नावाने खोटे खाते काढलेले असते, त्यावरून घाणेरडे लिहिलेले असते. घरी सांगितले तर फोन काढून घेतला जातो, ठाण्यात गेले तर ‘ब्लॉक करा ना’ म्हणतात. खरे सांगायचे तर सुरुवातीला मीही एकदोघींना हेच सांगितले होते. डोळे मिटले तरी बाकीचे सगळे वाचतच असतात, हे त्यांतल्या एकीनेच मला ऐकवले. इंटरनेटवरून पाठलाग करणे २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कलम माहीत असूनही तोंडून पहिला शब्द ‘ब्लॉक’च निघाला.

तुमच्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलीला पहिला सल्ला कोणी दिला आणि काय दिला, तिला स्वतःला काय हवे होते, आणि ते कुणी विचारले का, हे आम्हाला लिहून कळवा. नावे, गावे गाळून. पुढच्या अंकात काही पाने त्यासाठी राखून ठेवत आहोत.