बागेचं वय किती?



माणसाचं वय विचारलं की चटकन सांगता येतं. पण बागेचं वय कसं मोजायचं? झाडं तर म्हातारी होतात, वादळात पडतात. मग बाग जुनी कशी राहते?

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, दिल्ली दरवाजाजवळ हिमायत बाग आहे. ही बाग मोगलांच्या काळातली, सतराव्या शतकातली. मोगलांच्या बागा नुसत्या शोभेच्या नसत, बरं का! पाणी खेळवायचं, सावली धरायची आणि फळंही खायची. याच बागेत एक जुनी विहीर आहे. तिचं नाव शक्कर बावडी. शक्कर म्हणजे साखर. नावावरूनच ओळखा, पाणी कसं असेल!

पुढे मोगल गेले, निजाम आला. १९४८ साली निजामाचं राज्यही गेलं. बाग मात्र राहिली. आणि गंमत ऐका, आज ती सांभाळतं कोण? आपल्या परभणीचं कृषी विद्यापीठ! १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र तिथे आहे. आंबा आणि चिंच यांवर तिथे काम चालतं. ‘प्रतिष्ठान’ नावाची चिंचेची जात याच केंद्राने दिली. प्रतिष्ठान हे पैठणचं जुनं नाव, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेलच.

आता तुम्ही म्हणाल, चिंचेवर कसलं संशोधन? चिंचोका पुरला की झालं! पण तसं नाही. गोड चिंचेचा चिंचोका लावला तरी येणारं झाड गोडच निघेल याची खात्री नसते. आंब्याच्या कोयीचंही तसंच. म्हणून कलम करतात. साध्या रोपाच्या खोडावर चांगल्या झाडाची काडी घट्ट बांधायची. दोन्ही एकजीव झाले, की वर वाढतं ते त्या चांगल्या झाडाचंच रूप. म्हातारं झाड पडलं तरी त्याचा गुण पुढे चालू राहतो.

बाग अशीच जगते. जुनं पडायच्या आधी कुणीतरी नवं लावलेलं असावं लागतं. हिमायत बागेच्या चहूबाजूंनी आता शहर वाढलंय. घर दोन वर्षांत उभं राहतं, पण शंभर वर्षांची चिंच व्हायला शंभर वर्षंच लागतात. तिथे घाई चालत नाही.

तुमच्या शाळेजवळ, मारुतीच्या पारावर, नाहीतर वेशीपाशी एखादं जुनं झाड असेलच. या रविवारी सुतळी घेऊन जा आणि त्याच्या खोडाचा घेर मोजा. ते केव्हाचं आहे, हे आजी-आजोबांना विचारा. वहीत लिहून ठेवा. आणि पाऊस लागला की जवळच मोकळ्या जागी एक चिंचोका लावा. चिंच आंबट निघाली तर निघू द्या. सावली कधी आंबट नसते!

लावाल ना?