जपानी दप्तरातली लाट

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोपॅलिस नदीच्या काठी रेड सीडरची वाळलेली, राखाडी खोडं अजून उभी आहेत. आगीनं वा किडीनं ती मेली नाहीत. जमीनच एकाएकी खचली आणि मुळांशी खारं पाणी शिरलं. भूगर्भशास्त्रज्ञ ब्रायन अ‍ॅटवॉटर यांनी या किनाऱ्यावरच्या खाड्यांचे काठ फावड्यानं तासून पाहिले, तेव्हा दलदलीच्या काळ्या मातीवर समुद्राच्या वाळूचा पातळ थर आणि त्यावर भरतीचा गाळ दिसला. भूकंप आणि त्सुनामीचा हा पंचनामाच म्हणायचा.

तारीख सापडली ती मात्र पॅसिफिकपलीकडे. जानेवारी १७०० मध्ये जपानच्या किनाऱ्यावर धक्का न जाणवताच लाटा आल्या. घरं गेली, भातखाचरं बुडाली, कारकुनांनी नोंद केली. भूकंपशास्त्रज्ञ केन्जी साताके आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्यावरून अमेरिकेतल्या भूकंपाच्या वेळेचा उलटा हिशेब मांडला: २६ जानेवारी, रात्री नऊच्या सुमारास. पुढे सीडरच्या मुळांतलं शेवटचं वर्तुळही १६९९ चं निघालं.

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर पचीना उपसागराकाठचे हू-आय-आत हे मूळनिवासी लोक थंडीतल्या एका रात्री अख्खं गाव वाहून गेल्याचं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. त्यांची साक्ष नोंदवायला इतका उशीर का व्हावा? या अंकात आम्ही ती मुद्दाम आधी घेतली आहे; वाळूचे थर नंतर.