घरच्यासारखा माणूस आणि पगाराचा कागद

महाराष्ट्रात दहा हजारांहून जास्त पगार असलेल्या माणसाचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत मात्र ३००. राज्यघटनेच्या कलम २७६ने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि बारा महिने दोनशे कापले तर शंभर कमी पडतात, म्हणून हा फेब्रुवारीचा खटाटोप. मी पुण्यात पगाराचे सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे नवा इंजिनीअर आला की त्याची पहिली चकमक बहुधा याच महिन्याशी होते.

एवढ्यावर थांबले तर बरे. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ झाला. त्याआधी ही मर्यादा दहा हजार होती. २०२४ मध्ये कामगार कल्याण निधीची सहामाही वर्गणी कामगारासाठी १२ वरून २५ आणि मालकासाठी ३६ वरून ७५ रुपये झाली. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. आणि मग आली २१ नोव्हेंबर २०२५ ही तारीख. त्या दिवशी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विरघळले. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने केंद्राबरोबर राज्याचेही नियम असतात, म्हणजे एकाच दुकानाने दिल्लीकडेही पाहायचे आणि मुंबईकडेही.

तुम्ही म्हणाल, हे मालकांनी बघावे, आम्हाला काय त्याचे? पण आपल्यातल्या किती जणांच्या घरी दुकान, गॅरेज, प्रेस, केटरिंग किंवा लूम आहे ते एकदा मोजा. त्या घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला कधी ना कधी ऐकावे लागते, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, हे पीएफचं काय आलंय बघ जरा." कुणी नेमणूक केलेली नसताना तुम्हीच त्या धंद्याचे कायदा खाते होऊन बसता.

माझ्या मामूंचे सांगलीकडे ऑटो स्पेअर पार्ट्सचे दुकान आहे. काम करणारी माणसे अकरा, कागदावर नऊ. हा नऊचा आकडा छोट्या धंद्यात इतका रुळला आहे की त्यात काही लपवाछपवी आहे असे कुणाला वाटतच नाही. दहावर गेले की ग्रॅच्युइटी, ईएसआय आणि महिलांच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. विसावर गेले की पीएफ. म्हणून नवा माणूस आला की त्याचे नाव वहीत चढत नाही. मामूंचे म्हणणे एकच, "अरे बेटा, ही माणसं माझ्या घरच्यासारखी आहेत, त्यांना कागद कशाला?"

ते खोटे बोलत नव्हते. कुणाच्या पोराची फी, कुणाच्या आईचे ऑपरेशन, ईदला आणि दिवाळीला सगळ्यांना कपडे, हे सगळे मी लहानपणापासून पाहिले आहे. पण काही वर्षांपूर्वी काउंटरवरचा सगळ्यात जुना माणूस तब्येतीमुळे काम सोडायला निघाला आणि त्याने ग्रॅच्युइटी मागितली, तेव्हा पहिलाच प्रश्न अडला. तो लागला कधी? मामू म्हणाले २०११. तो म्हणाला २००८. नियुक्तिपत्र नव्हते, जुने हजेरीपट दुकान हलवताना रद्दीत गेले होते. त्याचा शेवटचा पगार १८,००० होता. ग्रॅच्युइटीचे गणित सोपे आहे. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, म्हणजे एका वर्षाची रक्कम येते. इथे ती होते १०,३८५ रुपये. तीन वर्षांचा फरक म्हणजे ३१ हजारांहून थोडा जास्त. तेवढ्यासाठी दोन घरांमध्ये सहा महिने बोलणे बंद होते. त्यात "कागदावर आम्ही नऊच आहोत, ग्रॅच्युइटी लागूच नाही" असा सल्ला कुणीतरी मामूंना दिला. माणूस काउंटरवर उभा असलेला अख्ख्या बाजाराने पाहिलेला, आणि म्हणे कागदावर नाही. शेवटी दोन वडीलधाऱ्यांनी बसून मध्ये कुठेतरी तोडले. दोघेही आपण फसलो असे समजूनच घरी गेले.

त्या सहा महिन्यांत ग्रॅच्युइटीचा कायदा एका अक्षरानेही बदलला नव्हता. "कायदे सारखे बदलतात, आम्ही कसे लक्ष ठेवणार" ही तक्रार मी रोज ऐकतो, आणि ती अर्धी खरीही आहे. अधिसूचना वकिलांनी वकिलांसाठी लिहिल्यासारख्या असतात. दुकानदाराला त्या कळाव्यात असा कुणाचा हेतू दिसत नाही. पण माझा अनुभव असा की बदलत्या कायद्याने अडचणीत येणारा मालक हा बहुतेक वेळा न बदललेल्या कायद्याचाही कागद न ठेवणारा असतो.

नव्या वेतन संहितेत याबाबत एक कलम आहे, ५९वे, आणि प्रत्येक छोट्या मालकाने ते वाचावे असे मला वाटते. पगार किंवा बोनस मिळाला नाही, कमी मिळाला, असा दावा कामगाराने केला तर तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे तुम्ही पगार रोखीने, पूर्ण, वेळेवर, मिठाईच्या पुड्यासह दिलात तरी सही नसेल तर कायद्याच्या नजरेत तो दिलेला नाही. पगाराची स्लिप देणेही याच संहितेत बंधनकारक आहे. किमान वेतन पूर्वी ठरावीक उद्योगांच्या यादीपुरते होते, आता ते सगळ्या रोजगारांना लागू आहे. म्हणजे नऊवर थांबून काही बंधने चुकतील, हे चुकणार नाही.

उचलीचेही तेच. घरच्यासारख्या माणसाला उचल सढळ हाताने मिळते आणि मग तीन महिने पगार हातात जवळजवळ येतच नाही. संहिता सांगते की कोणत्याही पगारातून एकूण कपात निम्म्याहून जास्त करता येत नाही. उचल कधी दिली, किती फिटली, याची दोघांच्या सहीची नोंद असली तर हा नियम पाळणे अवघड नाही. नसली तर प्रेमाने दिलेल्या पैशाची परतफेड वेठबिगारीसारखी दिसू लागते.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक नियम कडक पाळतो: जुना आकडा पुसायचा नाही. नवा दर आला की त्याखाली नवी ओळ, आणि शेजारी तो कधीपासून लागू ती तारीख. २०२२ मध्ये काम सोडलेल्या बाईचा हिशेब आज निघाला तर तो २०२२ च्या दराने करावा लागतो. यासाठी आमचे सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही (विकणाऱ्यांना हे वाक्य आवडणार नाही). दोनशे पानी वही पुरते. एका बाजूला प्रत्येक माणसाची लागल्याची तारीख, काम, पगार आणि सही. दुसऱ्या बाजूला दर आणि त्यांच्या तारखा. आणि ती वही बघायला घरातले एक ठरलेले माणूस. "सगळे मिळून बघू" म्हटले की कुणीच बघत नाही.

बातमी कुठून घ्यायची याबद्दल मात्र मी हट्टी आहे. नोव्हेंबरनंतर व्हॉट्सअॅपवर फिरणारे "आता आठवड्यातून चारच दिवस काम" तुमच्याकडेही आले असेल. अशी कोणतीही सक्ती संहितांमध्ये नाही. राज्याचे राजपत्र, कामगार विभागाचे आणि ईपीएफओचे संकेतस्थळ एवढे महिन्यातून एकदा उघडावे, आणि जे कळत नाही ते सीएला लेखी विचारावे. लेखी अशासाठी की फोनवरचे "चालतंय हो" नंतर कुणालाच आठवत नाही.

या वेळी बारकाईने वाचण्यासारखी गोष्ट म्हणजे वेतनाची नवी व्याख्या. समजा पगार ३०,००० आहे, त्यात मूळ वेतन १०,००० आणि उरलेले २०,००० घरभाडे, प्रवास असे भत्ते. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात धरायचा. इथे ५,००० वर आहेत, म्हणून वेतन १५,०००. एका वर्षाची ग्रॅच्युइटी ५,७६९ वरून ८,६५४ रुपये होते. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला ती आता एका वर्षानंतरही मिळते, पाच वर्षे थांबावे लागत नाही. राजीनामा दिलेल्याचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. हसू नका. माझ्या एका आधीच्या कंपनीने, जिच्याकडे वकिलांची फौज होती, माझा शेवटचा पगार दोन महिन्यांनी दिला होता.

दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचे आहे, जुन्या माणसांनाही. त्यासाठी संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती. मामूंकडे मी बसून अकरा पत्रे टाइप केली. एका पोराने ते घडी न घालता घरी नेले, कारण त्याला बँकेत दाखवायचे होते. नोकरीचा पहिला कागद त्याला सात वर्षांनी मिळाला.

आता मामूंच्या दुकानात एक जुने कलम नव्याने सापडले आहे. राज्याच्या २०१७ च्या शॉप अॅक्टमध्ये आठ पगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि चार सणांच्या, ज्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. हा कायदा पूर्ण लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीस करण्याचा आणि रोजचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अकरा माणसांच्या दुकानाला यातून सुटता येईल. मामूंनी ते ऐकून घेतले आणि यादी तरीही करायला लावली. दोन्ही ईद आणि लक्ष्मीपूजन लगेच ठरले. चौथ्या सुट्टीवर गणेश चतुर्थी की १४ एप्रिल यावरून तीन दिवस वाद चालला, आणि मग मामूंनी पाचवी ओळ आखली.