पाच मिनिटांच्या प्रवेशाविरुद्ध

नांदेड-लातूरकडे नव्यानं नाटक लिहू लागलेल्या मुलामुलींच्या कानावर हल्ली एक नियम सतत पडतो: प्रवेश पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. त्याच्या बाजूनं सांगितलं जातं ते थोडक्यात असं. प्रेक्षकाच्या हातात मोबाइल आहे, मालिका आणि रील्स पाहून त्याची नजर चंचल झाली आहे, लांब प्रवेशात तो खुर्चीत चुळबुळ करू लागतो. म्हणून एका पानाला एक मिनिट असा हिशेब धरावा, पाचव्या पानाच्या आसपास ब्लॅकआउट घ्यावा, पुढचा प्रवेश दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांनिशी सुरू करावा. म्हणजे टेम्पो टिकतो. हा पूर्वपक्ष उडवून लावण्यासारखा नाही. कंटाळवाणे, शब्दबंबाळ प्रवेश स्पर्धांतून पुष्कळ येतात आणि ते सोसणाऱ्यांनीच हा उपाय काढला आहे. पण रोग ओळखण्यात चूक झाली की औषधही चुकतं. पाच मिनिटांचा हा नियम नाटकाचा नाही, तो बाहेरून नाटकावर लादलेला आहे. मराठवाड्याच्या हौशी रंगभूमीला तर तो इतरांपेक्षा महाग पडतो.

आधी हे पाहू, की प्रवेशाच्या लांबीचे नियम आजवर आले कुठून. किर्लोस्कर-गडकऱ्यांच्या काळात रंगवलेले पडदे होते. पुढचा पडदा सोडून त्याच्यासमोर चार पात्रांचा छोटा प्रवेश चालायचा आणि तेवढ्या वेळात मागे राजवाडा किंवा अरण्य मांडून व्हायचं. त्या छोट्या प्रवेशांची लांबी पुष्कळदा मागच्या कामाला लागणाऱ्या वेळानं ठरे. मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’पासून, म्हणजे 1922 पासून, आणि ठळकपणे ‘नाट्यमन्वंतर’च्या 1933 मधल्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून एका अंकात एकच प्रवेश ही रीत रुजली, कारण रंगमंचावर खरी वाटणारी खोली उभी राहिली होती आणि ती घडोघडी मोडता येत नव्हती. पुढे 1962 साली ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आलं आणि कोर्टातून निपाणीच्या तंबाखूवाल्या लखोबाच्या नाना घरांत क्षणात जाणं शक्य झालं. तिन्ही वेळा लेखकांनी आपल्या हाताशी असलेला रंगमंच ओळखून प्रवेश बेतले. मग आज आपल्या हाताशी काय आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. राज्य नाट्य स्पर्धेच्या नांदेड किंवा लातूर केंद्रावर उतरणाऱ्या संस्थेकडे फिरता रंगमंच नसतो. सभागृह भाड्याचं असतं, नेपथ्य त्याच दिवशी उभं करायचं असतं, प्रकाशयोजनेची तालीम जेमतेम मिळते. वीस प्रवेशांचं नाटक म्हणजे मध्ये एकोणीस अंधार. प्रत्येकाला वीस सेकंद धरले तरी सहा मिनिटांहून जास्त वेळ प्रेक्षक बाज सरकल्याचे आणि पावलांचे आवाज ऐकत बसतो. त्याच्या हातातला मोबाइल उजळतो तो बहुधा याच अंधारात. ज्या व्यत्ययावर उपाय म्हणून प्रवेश तोडले, तोच व्यत्यय असा एकोणीस वेळा आमंत्रण देऊन बोलावला जातो.

यावर जाणकार मंडळी ‘घाशीराम कोतवाल’कडे बोट दाखवतात. तेंडुलकरांच्या 1972 च्या या नाटकात प्रसंग भराभर पालटतात, कित्येक तर दोन-तीन मिनिटांत संपतात, आणि नाटक तरीही श्वास घेऊ देत नाही. मराठवाड्यातलंच उदाहरण हवं तर जालन्याच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ आहे. आणखी मागे जायचं तर लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत उतरणारे तमाशाचे फड आहेत. वगात राजा रंगमंचावर एक गिरकी घेतो आणि दुसऱ्या गावी पोचतो. ही उदाहरणं खरी आहेत, पण ती पाच मिनिटांच्या नियमाची साक्ष देत नाहीत. ‘घाशीराम’मधली माणसांची भिंत प्रसंग पालटताना अंधारात जात नाही, तीच वळते, नाचते, पाठ फिरवते, आणि त्या पाठ फिरवण्यालाच अर्थ येतो. वगातली गिरकी प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत होते. तिथे स्थळ बदलतं, पण धागा तुटत नाही. शिवाय तमाशातला प्रवेश घड्याळाला कधीच बांधलेला नसतो. समोरचा जमाव रंगला की सोंगाड्या बतावणी वाढवतो, नाही रंगला की आवरतो. लोकनाट्याकडून शिकायचं असेल तर हे लवचीकपण शिकावं. वग डोळ्यांसमोर ठेवून ब्लॅकआउट घेणाऱ्यानं वगातलं नेमकं मोलाचं तेवढं गाळलेलं असतं. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’चे चाळीसहून अधिक प्रवेश मोजून दाखवणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं: 1623 च्या पहिल्या संग्रहात त्या नाटकाला सुरुवातीचा अंक-प्रवेश सोडला तर पुढे विभागणीच नाही. उघड्या रंगमंचावर ते सलग वाहत होतं. तुकडे नंतरच्या संपादकांनी पाडले.

आता प्रेक्षकाच्या चंचल नजरेचा मुद्दा. मुळात एकाच माणसाचं लक्ष पडद्यासमोर आणि रंगमंचासमोर एकाच रीतीनं चालत नाही. पडद्यावर काय पाहायचं हे कॅमेरा ठरवतो. डोळा, हात, दार, असं एकेक निवडून तो समोर ठेवतो आणि म्हणून त्याला तुकडे परवडतात. नाटकात ही निवड प्रेक्षक स्वतः करतो. रंगमंचावर चार माणसं असली तर त्यांतल्या न बोलणाऱ्या सुनेकडे कधी पाहायचं हे त्याचं तो ठरवतो, आणि ते ठरवण्याआधी त्याला त्या घरात थोडं रुळावं लागतं. पाच मिनिटांत तो रुळतो न रुळतो तोच अंधार होतो. पुरावा पाहायचा तर औरंगाबादच्या नाट्यचळवळीतून आलेल्या प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ घ्या. 1991 च्या या नाटकात विद्या एकटी फोनवर बोलत राहते. पलीकडचा नवरा दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. एक बाई, एक फोन, आणि नियम सांगणाऱ्यांनी केव्हाच कात्री लावली असती इतका लांब प्रसंग. चंद्रकांत कुलकर्णींनी 2022 साली ते पुन्हा रंगमंचावर आणलं, म्हणजे रील्सच्याच काळात, तेव्हा हा प्रसंग छाटावा लागला नाही. नाटकाबद्दल बोलताना लोक आधी त्याचंच नाव घेत होते. याच दिग्दर्शकानं 1994 मध्ये एलकुंचवारांची वाडा-त्रयी सलग केली होती, आठ-नऊ तासांची. प्रेक्षकाला लांबी सोसत नाही हे म्हणणं या प्रयोगांपुढे टिकत नाही. त्याला सोसत नाही ते जिथल्या तिथे उभं राहिलेलं नाटक, मग ते तीन मिनिटांचं का असेना.

मग लांबी ठरवायची कशानं? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या तिसऱ्या अंकात काशीकर आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत ती आपलं सगळं आयुष्य बोलून जाते. बाकीचे सगळे थिजलेले असतात. तेंडुलकरांनी तिथे कोर्टाचं घड्याळ आणि नाटकाचा काळ समोरासमोर ठेवले आहेत. स्वगत लांबतं, कारण दोन अंकभर तिला बोलू दिलेलं नाही. जेवढं दाबलं तेवढं बाहेर यायला जागा लागते. त्याच्या लांबीचा हिशेब आधीच्या प्रवेशांनी करून ठेवलेला आहे. माझा पक्ष यातून उभा राहतो. कुणाला तरी काही हवं असतं आणि ते नाकारण्याची ताकद असलेला माणूस समोर येतो, तिथे प्रवेश सुरू होतो. त्या दोघांतलं नातं मागे जाता येणार नाही असं हलतं, तिथे तो संपतो. मधलं अंतर किती, हे मागणी किती खोल आहे आणि नकार किती चिवट आहे यावर अवलंबून. भरतानंही अंकाची मर्यादा पानांच्या संख्येत सांगितली नाही. एका दिवसात घडेल एवढं कार्य अंकात यावं आणि दीर्घ काळाचा मजकूर प्रवेशकातून कळवावा, असं नाट्यशास्त्राचं सांगणं आहे. तिथेही माप कार्याचं आहे.

हे आपल्या विषयांना लावून पाहावं. लातूरच्या सोयाबीन पट्ट्यातल्या एका घरात तीन एकर विकायचे की नाही हा प्रश्न आहे, असं समजा. पाच मिनिटांचा नियम पाळणारा लेखक त्याचे तुकडे करतो: सकाळी घर, मग मार्केट यार्ड, मग बँक, मग पारावर मित्र, मग रात्री पुन्हा घर. प्रत्येक ठिकाणी नवं पात्र येतं, आपली ओळख सांगतं, माहिती देतं आणि जातं. भाव पडला, कर्ज थकलं, बहिणीचं लग्न ठरलं, हे सगळं कळतं. पण बाप आणि मुलगा समोरासमोर आले की दोन वाक्यांत अंधार. वास्तविक यार्ड आणि बँक बापाच्या दोन वाक्यांत येऊ शकतात. येऊ शकत नाही ते एवढंच: मुलानं विषय काढणं, बापानं ऐकलं न ऐकल्यासारखं करून वैरणीची चौकशी करणं, आईनं मध्ये ताट वाढणं, मुलानं पुन्हा, आता वरच्या आवाजात, विचारणं, आणि बाप प्रथमच मुलाला ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणणं. याला वीस मिनिटं लागतील. ती द्यावीत. आपल्याकडची माणसं मनातलं चटकन बोलत नाहीत. गावाकडच्या घरात पैशाची गोष्ट पाऊसपाण्यावरून फिरत फिरत येते. तिला पाच मिनिटांत बोलायला लावलं की पात्रं जाहीरनामे वाचू लागतात, आणि शेतीवरची कितीतरी नाटकं कळकळ असूनही भाषणासारखी वाटतात याचं एक कारण मला यातच दिसतं.

लांब प्रवेशांची मोकळीक दिली तर चर्चानाटकांचा पूर येईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्याचं उत्तर नांदेडच्याच दत्ता भगतांनी देऊन ठेवलं आहे. ‘वाटा-पळवाटा’ हे उघडउघड वादाचं नाटक; आंबेडकरांच्या काळात घडलेले काका, प्राध्यापक सतीश आणि उतावळा अर्जुन या तीन पिढ्या चळवळीच्या दिशेवरून भांडतात, आणि सतीशची ब्राह्मण बायको हेमा त्या भांडणाच्या बाहेर राहू शकत नाही. तिथलं बोलणं चर्चा होऊन लोंबकळत नाही, कारण प्रत्येक मुद्द्यावर कुणाचं तरी काही पणाला लागलेलं आहे: शिष्य, मान, संसार. मुद्दा हरला की माणूसही हरतो. अशी किंमत नसलेलं बोलणं असेल तर ते पाच मिनिटांच्या प्रवेशातही कापावं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटं मिळतात, स्किटला दहा. तिथे वीस मिनिटांचा प्रवेश कुठून आणायचा? मी उलट म्हणेन की तीस मिनिटांतच तो हवा. तीस मिनिटांचे सहा तुकडे केले तर सहा वेळा नव्यानं सुरुवात करावी लागते, आणि दर वेळी दोन मिनिटं जागा-वेळ कळण्यात गेली तरी बारा मिनिटं गेली. एक घर, एक संध्याकाळ, एक मागणी घेतली तर त्यांतली दहा मिनिटं माणसांना मिळतात. छोटे प्रवेश हवेत तिथे हवेतच: स्मृती तुटलेल्या माणसाची गोष्ट असेल, दंगलीतलं शहर असेल, किंवा शाहीर प्रसंग जोडत नेणार असेल, तर तुकडे हाच त्या विषयाचा आकार आहे. मग त्यांच्यामध्ये अंधार न घेता डफ, गाणं, चालतं माणूस असं काही उजेडातलं ठेवावं. परीक्षकांनीही ‘प्रवेश लांबला’ असा शेरा देताना तो कोणत्या वाक्यापासून लांबला हे सांगावं. तेवढं सांगता आलं तर लेखकाला तालमीत त्या वाक्यावर बोट ठेवता येईल, त्याच्या आधी काही हललं होतं का हे नटांना विचारता येईल, आणि कात्री चालवायचीच असेल तर ती तिथून चालवता येईल.