अनमोल म्हणायचे आणि फुकट न्यायचे

एखाद्या गोष्टीचे दाम मोजायचे नसले की तिला 'अनमोल' म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी खोड आहे. घरातल्या बाईचे कष्ट अनमोल, म्हणून त्यांचा हिशेब नाही. मास्तरांचे ज्ञानदान अनमोल, म्हणून विनाअनुदानित शाळेत त्यांनी अर्धपोटी राबावे. नदी, रान आणि माती यांच्या बाबतीतही आपण तेच केले आहे. व्यासपीठावर ती अनमोल असतात. दप्तरात मात्र त्यांचा रकाना कोरा असतो, आणि बेरजेच्या वेळी कोरा रकाना शून्यच धरला जातो.

निसर्गाच्या नुकसानीची रुपयांत मोजदाद करावी, असे कुणी म्हटले की आपल्यातली सुसंस्कृत मंडळी कानांवर हात ठेवतात. पैशाने काय काय मोजणार, असा त्यांचा सवाल असतो. सवाल सात्त्विक आहे. पण त्याचा फायदा कोणाला होतो? नेणारा तर मोजूनच नेतो. मोजायचे नाही, हा सोवळेपणा फक्त ज्याचे गेले त्याने पाळायचा!

कंग्राळीचेच पाहा. बुद्रुक काय आणि खुर्द काय, मार्कंडेय नदीच्या या पट्ट्यात भात पिकते, भाजीपाला पिकतो आणि विटाही भाजल्या जातात. भट्टीच्या वहीत मजुरी, जळण, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे असते. मातीचाही दर असतो. पण त्यात शेताची झीज धरलेली नसते. एका एकरातून एक फूट माती उचलली तर ४३,५६० घनफूट, म्हणजे सुमारे ४३५ ब्रास माती जाते. त्यातला बोटभर सुपीक थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. शिवाय शेत खोल गेले की शेजारचा बांध पावसात ढासळतो आणि शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी ठरत नाही. हे नुकसान कोणाच्या वहीत लिहायचे? माती विकणारा शेतकरी काही चैनीसाठी विकत नाही. मुलीचे लग्न नाहीतर सोसायटीचे कर्ज मागे लागलेले असते. भट्टीवालाही पोटासाठीच राबतो. या दोघांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून शहराने नामानिराळे राहू नये. ती वीट शहराच्या बंगल्याला लागते. तिच्या भावात शेताची झीज धरायला हवी.

शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचीही हीच कथा. शहराचे सांडपाणी घेऊन येणारा नाला पावसाळ्यात शेतात शिरतो. मग पंचनामा होतो, भात किती बुडाले ते लिहिले जाते. बुडालेले पीक मोजले जाते. बिघडलेला जमिनीचा पोत आणि नासलेले विहिरीचे पाणी मोजायला पंचनाम्यात रकानाच नसतो.

जंगलाच्या बाबतीत मात्र रकाना निघाला, तोही न्यायालयामुळे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन दुसऱ्या कामाला देताना तिचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरून घ्यायला लावले. जंगल पुढे जे देत राहणार, त्याची आजच्या रुपयांतली ही किंमत. २००८ साली हा दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये होता. २०२२ साली वरचा दर सुमारे सोळा लाखांवर गेला. आता आपल्या मापात बोलू. हेक्टरात सुमारे ९९ गुंठे. म्हणजे वरच्यात वरच्या दरानेही जंगलाचा गुंठा सोळा हजार रुपयांच्या आसपास! आपल्या भागात प्लॉट पाडलेल्या गुंठ्याचा भाव काय आहे, हे शाळेतले पोरही सांगेल. उलट त्याच न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये धरले; ते २०२१ साली पुढे आले. त्या हिशेबाने पन्नास वर्षांचे एकच झाड ३७ लाखांचे होते. दोन्ही हिशेबांची रीत वेगळी, हे मान्य. तरी एक झाड ३७ लाखांचे आणि हेक्टरभर जंगल १६ लाखांचे, हे गणित माझ्या शाळेत कुणी मांडले असते तर मी वही परत केली असती.

शेजारच्या गोव्यात याहून मोठा घोटाळा झाला. शाह आयोगाने बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपये बुडाल्याचा अंदाज केला. २०१२ साली खाणी बंद पडल्या. आकडा ऐकून देश हादरला. पण तो गेलेल्या खनिजाचा होता. खाणीच्या गाळाने भरलेली डिचोली-सांग्याकडची भातशेती आणि आटलेले झरे त्या बेरजेत नव्हते. चोरीचा माल मोजला, मोडलेले घर मोजायचे राहिले.

किंमत ठरली की पैसेवाला ती फेकून जंगल घेऊन जाईल, ही भीती मात्र खरी आहे. वनीकरणाच्या पैशाचे काय होते, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात दाखवले. २००६ ते २०१२ या काळात दिलेल्या वनजमिनीच्या बदल्यात सुमारे १ लाख ३ हजार हेक्टर जमीन मिळायला हवी होती; मिळाली २८ हजार. झाडे लागली जेमतेम ७ हजार हेक्टरांवर. म्हणजे पावती फाडली आणि काम संपले. म्हणून माझे म्हणणे असे: किंमत ठरवावी ती नुकसानीचे देणे म्हणून, परवान्याची फी म्हणून नव्हे. काही ठिकाणे कितीही पैशाला देऊ नयेत. आणि जे देणे वसूल होईल ते दूरच्या तिजोरीत न जाता ज्या शिवाराचे गेले त्या शिवारात यावे. ज्याने बिघडवले त्याने भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात मान्य केले आहे. आम्ही नवे काही मागत नाही.

पण मागायला पुरावा लागतो. काय होते हेच नोंदलेले नसेल तर काय गेले हे सिद्ध कसे करणार? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. आपल्या पंचायतीची वही कुठे आहे, ती शेवटची कधी उघडली, हे येत्या ग्रामसभेत विचारा. झरे, विहिरींची पातळी, ओढ्यातले मासे, भाताचे वाण, जुनी झाडे, सगळे तारखेनिशी लिहा. कन्नडमध्ये लिहा, कारण कचेरीत ते चालते. मराठीतही लिहा, म्हणजे ज्या आजोबांनी माहिती सांगितली त्यांना ती वाचून तपासता येईल. भाषेवरून भांडायला आयुष्य पडले आहे. शिवार मात्र तेवढे थांबणार नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. देणे-घेणे लिहिल्याशिवाय धंदा टिकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. गावानेही आपली वही आता उघडावी. बुडवणाऱ्यांनी आपली केव्हाच उघडली आहे.